सामायिक घरात राहायला जाताना: डोंबिवली सोडून कोकणातल्या जुन्या घरी परतलेल्या एका कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे कुटुंब डोंबिवलीचं. नावं आणि गाव सांगत नाही. वाडीत त्यांना दादा-वहिनी म्हणतात, तेच इथे वापरतो. 2020 साली दादा 54 वर्षांचे होते, ठाण्यातल्या एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघत होते. वहिनी शिक्षिका. मुलगा नोकरीसाठी बेंगळुरूला. घरात दादांच्या आई, वय 79, गुडघे आणि रक्तदाब दोन्ही सांभाळून असलेल्या.

दापोली-मंडणगड पट्ट्यातल्या एका वाडीत दादांच्या आजोबांनी बांधलेलं घर आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, मातीचा सांधा, सागवानी आढं, किंजळीचे वासे, वर मंगलोरी कौलं. पुढे ओटी, मग माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागे पडवी आणि न्हाणीघर बाहेर. भोवती तीसेक हापूसची कलमं, थोडे काजू, एक विहीर. शेवटची थोरली काकू मुंबईला मुलाकडे गेली तेव्हापासून घर गणपती, शिमगा आणि मे महिना एवढंच उघडायचं.

मी या भागात जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो. छपरासाठी म्हणून मला बोलावलं आणि पुढचं सगळं जवळून पाहायला मिळालं. त्यांच्या संमतीने लिहितोय. शहर सोडून गावच्या घरात यायचं म्हणणारी कुटुंबं माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न खर्चाचा असतो. या घरात खर्च हा त्यातल्या त्यात सोपा भाग होता, म्हणून हे प्रकरण मला सविस्तर लिहावंसं वाटलं.

सुरुवात कशी झाली

मे 2020 मध्ये टाळेबंदीत परवानगी काढून तिघं गावी आले. चौदा दिवस शाळेत विलगीकरण, मग घर. घरात पाय ठेवून थोडे दिवस होतात न होतात तोच 3 जूनला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्याला लागलं आणि आमच्या पट्ट्यातल्या बागा आडव्या झाल्या. या घराच्या पश्चिमेकडच्या पाख्याची, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूची, कौलं पागोळीकडून, खालच्या कडेपासून, उचलली गेली, आंब्याची सात झाडं मुळासकट पडली. नंतर आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. ताडपत्री टाकून, विहिरीचं पाणी रहाटाने काढून ते गणपतीपर्यंत राहिले.

एवढं सगळं सोसूनही डोंबिवलीला परतल्यावर नोव्हेंबरात वहिनींनीच विषय काढला, की आपण कायमचं जाऊया. दादांना नोकरीचा कंटाळा आला होता हे खरं, पण पहिलं पाऊल वहिनींचं होतं, आणि माझ्या मते म्हणूनच हे टिकलं. नवऱ्याच्या गावाच्या ओढीवर बायकोला यायला लागलेली घरं एका पावसाळ्यात परत गेलेली मी पाहिली आहेत.

अडचण नेमकी कुठे होती

वादळानंतर पंचनामा झाला तेव्हा खरी गाठ दिसली. ग्रामपंचायतीच्या असेसमेंटवर, म्हणजे नमुना 8 वर, घर अजून आजोबांच्या नावावर होतं. सातबाऱ्यावर आजोबा आणि त्यांच्यापुढे थोरल्या काकांचं नाव, दोघेही हयात नाहीत. घरपट्टी गेली कित्येक वर्षं दादा भरत होते आणि पावत्या जपून ठेवल्या होत्या. त्या पावत्यांवरून घर आपलं ठरतं असा त्यांचा समज होता. तसं ते ठरत नाही. घरपट्टी भरली म्हणजे कर भरला, मालकी त्याने येत नाही. नुकसानभरपाई दादांच्या खात्यात यायची तर बाकीच्यांची संमती हवी होती, आणि ती गोळा होईपर्यंत पावसाळा संपला.

आजोबांना तीन मुलगे, दोन मुली. दादांचे वडील मधले. थोरल्या काकांची पत्नी आणि दोन मुलगे, दादा, त्यांची बहीण आणि आई, धाकटे काका, एक आत्या हयात, दुसऱ्या आत्याची तीन मुलं. एकूण 11 जणांच्या सह्या. पहिल्या यादीत दादांनी आत्यांकडचे चौघे धरलेच नव्हते. 'त्यांना लग्नात दिलंय' असं घरात सगळेच म्हणायचे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुलगी वडिलांच्या वाट्याची वारस आहे, आणि 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाइतकाच जन्मजात हक्क दिला. वकिलांनी हे पहिल्याच भेटीत सांगितलं म्हणून बरं. आत्यांना वगळून केलेला कागद पुढे कधीही मोडता आला असता.

समोरचे पर्याय

डोंबिवलीच्या घरी महिनाभर यावर चर्चा झाली. दापोली शहरालगत बंगल्याचा प्लॉट घ्यावा, भावकीच्या भानगडीत पडू नये, असं मुलाचं मत होतं. यात दवाखाना जवळ, कागद स्वच्छ. पण त्यासाठी फ्लॅट विकावा लागणार होता. धाकट्या काकांनी सुचवलं की जुनं घर पाडून स्लॅबचं बांधा, म्हणजे दरवर्षीची शाकारणी, पावसाआधी कौलं काढून पुन्हा नीट बसवणं, सुटेल. एका मित्राने फ्लॅट विकून तिथे पर्यटकांसाठी खोल्या काढायचा आराखडाच आणून दिला. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्येच आलं होतं, त्यामुळे तो फार उत्साहात होता. आणि चौथा पर्याय, आहे ते घर दुरुस्त करून त्यात राहायचं.

प्लॉट त्यांनी सोडला, कारण वहिनींना ते नकोच होतं. शहराच्या कडेला नव्या भिंतींत राहायचं तर डोंबिवली काय वाईट, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. पाडून बांधायचा पर्याय कायद्यानेच अडला, कारण 11 जणांच्या सामायिक घराला एकट्याने हात लावता येत नाही. पर्यटनाचा विचार त्यांनी पुढे ढकलला. हा निर्णय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. स्वतःला तिथला पावसाळा सोसतो का हे कळण्याआधी पाहुण्यांसाठी कर्ज काढणारी माणसं दुहेरी अडकतात. फ्लॅट न विकता भाड्याने दिला. ते भाडं आणि ठेवींचं व्याज यांवर दोघांचं आणि आईंचं जेमतेम भागेल, असा हिशोब दादांनी वहीत मांडला. अकाउंट्सच्या माणसाची वही; त्यात औषधं, गाडीचं पेट्रोल, गावकीची वर्गणीसुद्धा होती.

गणपतीतली बैठक

2021 च्या गणपतीला सगळी भावकी जमली तेव्हा दादांनी विषय मांडला. अपेक्षा अशी होती की वाद पैशांवरून होईल. तो झाला गणपतीवरून आणि देवघराच्या किल्लीवरून. दादा कायमचे राहायला आले की गणपती 'त्यांच्या घरचा' होणार, आम्ही पाहुणे होणार, ही भीती धाकट्या काकांनी बोलून दाखवली आणि बाकीच्यांनी मान डोलावली. आत्या गप्प होत्या. रात्री त्यांनी वहिनींना सांगितलं की पैसे नकोत, पण माहेरी यायला कुणाला विचारावं लागू नये. शिमग्यात पालखी घरी येते तेव्हा ओटी कोणी भरायची, हाही प्रश्न निघाला.

इथे तीन वाटा होत्या. सगळ्यांकडून हक्कसोडपत्र घ्यायचं. ते मागितलं असतं तर बैठक तिथेच मोडली असती. पूर्ण वाटणी करून घ्यायची. वर्षानुवर्षं चालली असती, आणि एका माजघराचे पाच तुकडे कुणालाच नको होते. तिसरी वाट वकिलांनी सुचवली, की घर सामायिकच ठेवून राहण्याचा करार नोंदणी करून करायचा.

तोच झाला. दादा आणि वहिनी हयात असेपर्यंत त्यांना राहण्याचा हक्क. दुरुस्तीचा खर्च त्यांचा, पण बिलांसह नोंद ठेवायची, आणि पुढेमागे वाटणी झाली तर ती रक्कम धरायची. गणपती माजघरात, पूर्वीसारखाच सगळ्यांचा. दोन खोल्या कायम भावकीसाठी मोकळ्या. त्यातली एक आत्यांची, असं तोंडी ठरलं. तिन्ही घरांकडे किल्ल्या. आपला हिस्सा बाहेरच्याला विकण्याआधी बाकीच्यांना विचारायचं. त्याच सुमारास तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज गेला आणि सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं लागली. जमिनीची वाटणी, म्हणजे महसूल संहितेच्या कलम 85 खालचं वाटप, मागे ठेवलं.

या करारामुळे दादांनी मालकी मिळवली नाही. दुसऱ्यांच्या हिश्शात आपला पैसा घालतोय, असं त्यांना अनेकांनी ऐकवलं. मला विचाराल तर घरात राहायचं असेल तेव्हा राहण्याचा हक्क पक्का करावा, मालकीच्या मागे लागून दहा वर्षं घालवू नयेत. दादा तेव्हा पंचावन्नचे होते. शाकारणीला उभं राहण्याचं वय हेच.

छप्पर आणि भिंती

काम जानेवारी 2022 मध्ये सुरू केलं. कोकणात छपराला हात लावायचा तर मे अखेरीस, आगोटीच्या म्हणजे पावसाळा सुरू होण्याच्या आत, कौल बसलेलं हवं.

छप्पर उतरवण्याआधी प्रत्येक वासा पटाशीने टोचून पाहिला. आढं ठणठणीत निघालं. जुन्या सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. किंजळीचे वासे मध्ये चांगले होते, पण जिथे भिंतीवर टेकतात तिथे हातभर टोकं कुजलेली. पटाशी खपकन आत गेली आणि ओला भुसा बाहेर आला. सुताराचं म्हणणं होतं सगळे वासे बदलावेत. मी टोकं कापून वासे पडवीच्या आखूड गाळ्यात वापरायला सांगितले आणि लांब गाळ्यासाठीच नवं लाकूड घेतलं. यात लाकडाचा खर्च बराच वाचला, मजुरी थोडी वाढली.

मोठा वाद पत्र्याचा झाला. हल्ली आमच्याकडे बहुतेक जण कौलं काढून रंगीत पत्रा घालतात. गळत नाही, शाकारणी नाही, माकडांच्या उड्यांनी फुटत नाही. वानरांचा उपद्रव ज्याने सोसलाय तो या माणसांना नावं ठेवणार नाही. पण एप्रिलात पत्र्याखाली दुपारी बसवत नाही आणि आषाढात सरींच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आईंना आधीच कमी ऐकू यायचं. शेवटी मुख्य घरावर कौलं ठेवली आणि मागच्या पडवीवर, जिथे चूल आणि लाकडं, तिथे पत्रा घातला. फुटलेल्या कौलांच्या जागी पाडलेल्या घरांमधली जुनी कौलं मिळाली. मंगळूरला बासेल मिशनने 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला तेव्हापासूनचा हा साचा, त्यामुळे जुनं कौल नव्यात बरंचसं बसतं. तरी एकाच छापाची मिळतील तेवढी एका पाख्यावर लावली. वादळात आधी कडेची कौलं उडतात, म्हणून पागोळीकडच्या ओळी तारेने रिपांना बांधून घेतल्या.

भिंतींचं दुखणं वेगळं होतं. नव्वदच्या दशकात कुणीतरी चांगल्या हेतूने कमरेइतकं सिमेंटचं प्लास्टर मारलं होतं. जांभा पाणी शोषतो आणि वाऱ्यावर सोडतो. सिमेंटने तोंड बंद केल्यावर ओल वर चढत गेली आणि प्लास्टरच्या वरची माती सुटू लागली. ते सगळं खरवडून चुन्याचा गिलावा केला. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधायला फार फिरावं लागलं. मिळाले ते सत्तरीच्या पुढचे होते आणि हाताखाली शिकायला कुणी नव्हतं. याची मला मनापासून खंत वाटते.

न्हाणीघर आणि संडास आत घ्यायला काकांचा विरोध होता, देवघराच्या भिंतीला लागून नको म्हणून. तो मान्य करून मागच्या पडवीच्या टोकाला, आईंच्या खोलीतून पायरी न चढता जाता येईल असं बांधलं. रात्री अंगणातून बाहेर जाणं आमच्या भागात म्हाताऱ्या माणसाला परवडत नाही. पावसाळ्यात चिऱ्यांच्या फटींत फुरसं, हा विषारी साप, असतं.

एकूण खर्च दादांच्या वहीतल्या अंदाजाच्या जवळजवळ दीडपट झाला. वाढ मुख्यतः मजुरी आणि वाहतुकीत होती, सामानात कमी.

पाणी

पहिला पावसाळा, 2022 चा, बरा गेला. खरी परीक्षा एप्रिल 2023 मध्ये झाली. विहीर तळाला गेली, नळाला दिवसाआड पाणी, तेही अर्धा तास. आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात टँकर येतो. जांभ्याच्या सच्छिद्र कातळातून पाणी झिरपून उताराने निघून जातं, वाडीत थांबत नाही.

दादांनी आधी बोअर मारली होती. तिला पाणी लागलं, पण एप्रिलात तीही दम टाकायला लागली. मग आम्ही बसून साधा हिशोब केला. छपराचा पसारा सुमारे 140 चौरस मीटर. 3000 मिलिमीटर पाऊस धरला तर वर्षाला 4 लाख 20 हजार लिटर पाणी नुसतं पागोळ्यांतून जातं. तीन माणसांना रोज 300 लिटर, टंचाईचे 60 दिवस, म्हणजे 18 हजार लिटर पुरे. 20 हजार लिटरची जमिनीखालची टाकी बांधली, पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायची सोय केली, आणि टाकी भरल्यावरचं पाणी खडी-वाळूच्या खड्ड्यातून विहिरीकडे वळवलं. 2024 चा उन्हाळा घरापुरता निभावला. नव्या कलमांना अजून विकतचं पाणी लागतं.

आंबा

वादळातून उरलेली कलमं जुनी, उंच. तिथपर्यंत फवारणी पोहोचत नाही, तुडतुडे आणि फुलकिडे मोहर खातात. स्वतः बाग करायची तर पंप, औषधं, राखणीला गडी हवा, आणि गडी मिळत नाहीत. आमच्या बागांत हल्ली बरेच राखणदार नेपाळमधून आलेले आहेत. म्हणून बाग कराराने द्यायची ठरली.

करार घेणारा जास्त पैसे द्यायला तयार होता, अट एवढीच की मोहर लवकर आणणारं संजीवक, पॅक्लोब्युट्राझॉल, तो आपल्या अंदाजाने घालणार. कृषी विद्यापीठाची मात्रा झाडाच्या विस्ताराच्या व्यासावर मोजून ठरते. एका वर्षाचा करार घेणाऱ्याला पुढच्या दहा वर्षांच्या झाडाची चिंता असण्याचं कारण नाही, आणि जास्त मात्रेने कोमेजलेल्या बागा आजूबाजूला दिसतातच. दादांनी कमी रक्कम घेतली, पण तीन वर्षांचा करार केला आणि मात्रा त्यात लिहून घेतली. दरवर्षी चार झाडांची पुनरुज्जीवनाची छाटणीही त्यांनी सुरू केली आहे. छाटलेलं झाड दोन-तीन वर्षं फळ देत नाही, म्हणून एकदम सगळी घेतली नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

पाणी छपराच्या आधी बघायला हवं होतं. कौलं उतरवलेली असतानाच पन्हाळी आणि टाकीचं काम झालं असतं तर पागोळीच्या ओळी पुन्हा उचकाव्या लागल्या नसत्या. शिवाय बोअरचा पैसा वाचला असता. मे महिन्याचे पंधरा दिवस घरात काढून, विहिरीत रोज दोर सोडून पाणी मोजल्याशिवाय कुणी बेत पक्का करू नये, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

करारात घराबद्दल सगळं आलं, बागेबद्दल काहीच आलं नाही. पहिल्या वर्षी आंब्याचे पैसे दादांनी ठेवले, कारण फवारणीपासून पडलेल्या झाडांच्या लाकडापर्यंत सगळं त्यांनीच निस्तरलं होतं. थोरल्या काकांच्या मुलाला ते खटकलं आणि वर्षभर बोलणं बंद होतं. आता खर्च वजा जाता उरलेले पैसे गणपतीच्या खर्चाला आणि शाकारणीला वापरतात, वहिनी जमाखर्च कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. हे आधीच लिहिलं असतं तर ते वर्ष वाचलं असतं.

आईंच्या तब्येतीचा विचार झाला होता, पण पावसाळ्यातल्या रस्त्याचा नाही. जुलै 2023 मध्ये रात्री त्यांना दम लागला. वाटेतल्या मोरीवरून, म्हणजे रस्त्यावरच्या छोट्या पुलावरून, पाणी जात होतं आणि तिथेच गाडी दोन तास थांबली. त्या बऱ्या झाल्या. तेव्हापासून जुलै-ऑगस्ट त्या ठाण्याला मुलीकडे जातात, गणपतीला परत येतात. त्यांना हे आवडत नाही आणि त्या दरवर्षी तसं सांगतात. दादांकडे याला उत्तर नाही, माझ्याकडेही नाही.

सध्याची स्थिती

दादा-वहिनी राहतायत. वहिनी वाडीतल्या मुलांना संध्याकाळी ओटीवर इंग्रजी आणि गणित शिकवतात. भाडं आणि व्याजात घर चालतं, मोठा दवाखान्याचा खर्च आला तर ठेव मोडावी लागते. पाहुण्यांसाठी खोल्या काढायचा विषय परत निघालेला नाही.

नवा प्रश्न असा आलाय की थोरल्या काकांचा धाकटा मुलगा, नालासोपाऱ्याचा, त्यालाही आता गावी यायचंय. करार लिहिला तेव्हा एकच कुटुंब राहणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. दुसऱ्याने कुठे राहावं याबद्दल त्यात एक ओळही नाही. भावकीसाठी ठेवलेल्या दोन खोल्या त्याला द्याव्यात तर आत्यांची खोली जाते. मी मोजमाप घेऊन आलोय. जुन्या गोठ्याच्या चौथऱ्यावर वेगळ्या चुलीसह दोन खोल्या निघतात, पाणी त्याच टाकीतून देता येतं, टाकी मात्र मोठी करावी लागेल. वकील पुरवणी करार तयार करतायत, आणि या खेपेला बागेचा हिस्सा त्यात आधी लिहायचा, असं दादांनीच सांगितलंय. गणपतीला सगळे येतील तेव्हा तो वाचून दाखवायचा ठरला आहे.